रूळ परत देण्याची रीत

२०२४ च्या ३१ मे रोजी मध्यरात्रीनंतर ठाणे स्थानकात ६३ तासांचा मेगा ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ गाड्यांना बंद ठेवण्याचा काळ, सुरू झाला. पाच क्रमांकाचा फलाट रुंद करायचा तर शेजारचा रूळ सरकवणे भाग होते. दुसऱ्या रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर ३६ तासांचा आणखी एक ब्लॉक लागला. तिथे दहा आणि अकरा क्रमांकांचे फलाट लांब गाड्यांसाठी वाढवायचे होते. या दोन कामांपायी ९३० लोकल फेऱ्या रद्द झाल्या. त्या तीन दिवसांत आपण रद्द फेऱ्यांचे आकडे वाचले, स्थानकांवरच्या गर्दीची छायाचित्रे पाहिली, रूळ सरकवणारे कामगारही टीव्हीवर पाहिले. ब्लॉक संपताना जे घडते त्याची मात्र बातमी होत नाही. उखडून पुन्हा बसवलेला रूळ डोळ्यांखालून घालून एक माणूस लेखी देतो, की आता यावरून गाडी सोडायला हरकत नाही.

त्या एका लेखी ओळीचा हा मागोवा आहे. रूळ ताब्यात घेताना सगळेच सावध असतात, कारण समोर उघडा खड्डा दिसत असतो. परत देताना रूळ पुन्हा रुळासारखाच दिसतो. माणसे थकलेली असतात, घड्याळ पुढे गेलेले असते आणि पलीकडच्या स्थानकात गाडी उभी असते. रेल्वेच्या इतिहासातले काही भीषण अपघात याच टप्प्यावर झाले, आणि परत देण्याची आजची रीत त्या अपघातांतूनच घडत आली.

सुरुवातीला अशी काही वेगळी रीत नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यानंतरच्या वर्षांत दिवसभरात मोजक्याच गाड्या धावत. दोन गाड्यांमध्ये तासन्‌तास मोकळे मिळायचे. प्रत्येक गँगला काही मैलांचा तुकडा वाटून दिलेला असे, मुकादम त्या तुकड्याचा धनी. त्याच्याकडे वेळापत्रक आणि घड्याळ असले की पुरे. गाडी गेली की काम काढायचे, पुढची येण्याआधी आवरायचे. त्या काळी अनेक ठिकाणी रूळ बिडाच्या खुर्चीत बसवून बाजूने लाकडी पाचर ठोकत. गाड्यांच्या हादऱ्याने पाचरी सैल होत, म्हणून हातोडा घेऊन रोज आपला तुकडा पायी तपासणारा माणूस नेमलेला असे. आपल्याकडचा चावीवाला त्याच परंपरेतला. दोन रुळांची टोके जोडणारी फिशप्लेट १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी काढली. ती बोल्टांनी आवळायची आणि वेळोवेळी तपासायची. परत देण्याआधी काय पाहायचे, याची यादी इथून वाढत गेली.

घड्याळ आणि वेळापत्रक यांवर विसंबण्याची किंमत १८६५ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात मोजावी लागली. ९ जून १८६५. स्टेपलहर्स्ट गावाजवळ ब्यूल्ट नावाच्या छोट्या नदीवर रेल्वेचा बुटका पूल होता. त्याचे रुळाखालचे लाकडी ओंडके बदलण्याचे काम कित्येक दिवस चालले होते आणि ते संपत आले होते. दिवसातून दोन गाड्यांमधला मोकळा वेळ पाहायचा, रूळ काढायचा, ओंडका बदलायचा, रूळ पुन्हा बसवायचा, असा क्रम. त्या मार्गावर फोकस्टनच्या बंदरातून लंडनला जाणारी एक गाडी होती, तिची वेळ रोज बदले. फ्रान्सहून येणारी बोट भरतीच्या पाण्यावर अवलंबून, आणि गाडी बोटीवर. त्यामुळे मुकादमाला दर दिवशी वेळापत्रकात त्या तारखेची ओळ शोधावी लागे. बेंज नावाच्या या मुकादमाने चुकून दुसऱ्याच दिवसाची ओळ पाहिली. गाडी संध्याकाळी पाचनंतर येणार असे त्याने धरले. ती आली दुपारी तीन वाजून गेल्यावर थोड्याच वेळात, आणि तेव्हा पुलावरचा ४२ फूट रूळ काढलेला होता.

पुढचे तपशील मला जास्त महत्त्वाचे वाटतात. एक माणूस लाल निशाण घेऊन पुढे उभा केलेला होता. नियमाप्रमाणे त्याने १,००० यार्डांवर असायला हवे. अंतर मोजायला त्याने तारेचे खांब मोजले, दहा खांब. त्या भागात खांब नेहमीपेक्षा जवळजवळ रोवलेले होते. तो प्रत्यक्षात ५५४ यार्डांवरच उभा राहिला. रुळावर ठेवायचे फटाके जवळ होते, पण हवा स्वच्छ असल्याने लावले नाहीत. चालकाने निशाण पाहून ब्रेक लावले. सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक त्या काळी नव्हते. गाडी थांबेपर्यंत रुळातली मोकळी जागा आली. दहा माणसे मेली, चाळीस जखमी झाली. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होते. त्यांचा डबा पुलावर अर्धवट लटकत राहिला. त्यांनी बाहेर येऊन जखमींना पाणी पाजले, आणि मग डब्यात परत शिरून चालू कादंबरीचे हस्तलिखित काढून आणले. पुढे त्यांना गाडीत बसण्याची धास्ती कायमची लागली. पाच वर्षांनी बरोबर त्याच तारखेला ते वारले.

बेंजवर खटला चालला. त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला की निशाणवाला पुरेसा लांब उभा असता, चालक अधिक सावध असता, तर अपघात टळलाच असता. न्यायालयाने तो मानला नाही. ज्याच्या हलगर्जीने अपघात मुख्यतः घडला, त्याला दुसऱ्यांच्या हलगर्जीआड लपता येणार नाही, असा निकाल लागला आणि बेंजला नऊ महिने सक्तमजुरी झाली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही शिकवतात. निकाल कठोर होता. माझ्या मते त्यातला बोध अर्धाच होता. रुळाची जबाबदारी एका माणसावर असते हे खरे, पण ती एका माणसाच्या डोळ्यांवर आणि एका कागदाच्या ओळीवर सोडून देणे हा दोष त्याच्या वरच्यांचाही होता. पुढची दीडशे वर्षे रेल्वेने जे केले ते याच दुसऱ्या अर्ध्याचे काम.

ते फटाकेच पाहा. एडवर्ड कूपर या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये ते धुक्यासाठी काढले होते. पत्र्याची चपटी डबी, आत स्फोटक, शिशाच्या पट्ट्यांनी रुळाच्या डोक्याला घट्ट बांधायची. चाक वरून गेले की मोठा बार होतो आणि चालकाला धुक्यातही कळते की थांबायचे आहे. स्टेपलहर्स्टला ते हवा स्वच्छ म्हणून खिशात राहिले. आज भारतीय रेल्वेत असा विचार करायला मुभाच नाही. रुंद मार्गावर काम चालू असेल तर कामापासून ६०० मीटरवर रुळाला आडवे, दोन काठ्यांना ताणलेले लाल कापडी निशाण आणि १,२०० मीटरवर एकेक दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके. हवा कशीही असो. अंतर खांबांवरून अंदाजायचे नाही, मोजायचे. तीन फटाके एवढ्यासाठी, की एखादा फुटला नाही तर दुसरा फुटेल.

निशाणे आणि फटाके गाडीला थांबवतात. पण गाडी मुळात पलीकडच्या स्थानकातून सुटूच नये, याची व्यवस्था तारयंत्राने आणली. दोन स्थानकांमधला रूळ हा एक तुकडा मानायचा, त्यात एका वेळी एकच गाडी, आणि पुढच्या स्थानकाने होकार दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. याच व्यवस्थेत कामासाठी रूळ मागता येऊ लागला. कामाच्या जागेवरचा अभियंता स्टेशन मास्तरकडे मागतो, मास्तर नियंत्रण कक्षाला विचारतो, कक्ष गाड्यांचा हिशेब करून वेळ देतो. मिळालेला वेळ संपेपर्यंत तो तुकडा गाड्यांना बंद.

या देण्याघेण्यात एक छोटी पण फार शहाणी गोष्ट आहे. प्रत्येक स्टेशन मास्तरकडे अंकांचा एक छापील तक्ता असतो. फोनवरून महत्त्वाचा निरोप दिला की तक्त्यातला पुढचा अंक सांगायचा, आणि तो वापरला म्हणून खोडायचा. ऐकणाऱ्याने तो अंक वेळेसह आपल्या वहीत लिहायचा. ऐकणारा आणि सांगणारा दोघांच्या वहीत एकच अंक सापडला, तर निरोप खरोखर गेला हे सिद्ध होते. ‘मला वाटले तुम्ही हो म्हणालात’ याला जागा उरत नाही. रूळ परत देतानाही हाच अंक दिला-घेतला जातो. बेंजच्या वेळी रुळाचा निर्णय एका मनात होत होता. आता तो दोन वह्यांत उमटल्याशिवाय होत नाही.

आता ब्लॉकचा शेवटचा अर्धा तास पाहू, कारण सगळा इतिहास इथे एकवटलेला आहे. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड असा धीम्या मार्गाचा ब्लॉक साधारण सकाळी अकराच्या पुढे लागतो आणि दुपारी चारच्या आत संपतो. तेवढ्यात रूळ बदलला, खडी चाळली किंवा सांधे दुरुस्त केले, असे धरा. काम झाले म्हणजे रूळ तयार झाला असे नव्हे. आधी दोन रुळांमधले अंतर मापपट्टीने मोजतात, रुंद मार्गाचे ते १,६७६ मिलिमीटर. मग दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का, वळणावर बाहेरचा रूळ ठरल्याइतका उंच आहे का, हे. प्रत्येक स्लीपरवर रुळाला धरून ठेवणाऱ्या पोलादी क्लिपा पूर्ण बसल्या आहेत का. फिशप्लेटचे बोल्ट आवळले आहेत का. दोन रुळांना वीज जोडणारी तांब्याची तार पुन्हा लावली आहे का, कारण लोकलच्या मोटारीतून गेलेली वीज रुळांवाटेच परतते आणि सिग्नललाही रुळातूनच कळते की इथे गाडी आहे. खडी रुळाच्या डोक्यावर किंवा सांध्यात राहिलेली नाही ना. पहारी, फावडी, जॅक, काढलेला जुना रूळ सगळे गाडीच्या कक्षेबाहेर आहे ना. हत्यारे मोजायची. माणसेही मोजायची.

सांध्यांची कसोटी वेगळी. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी ती सरकती जीभ मुख्य रुळाला पूर्ण चिकटली तरच सिग्नल हिरवा व्हायला हवा. म्हणून पाच मिलिमीटर जाडीची पट्टी जीभ आणि रूळ यांच्या मध्ये धरून सांधा फिरवून पाहतात. पट्टी मध्ये असताना सांधा अडकलाच पाहिजे, सिग्नल हिरवा होता कामा नये. झाला, तर रूळ परत द्यायचा नाही.

मग डोक्यावरची तार. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी धावली तेव्हा ती १,५०० व्होल्टवर होती. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्ट आले. काम करण्यापूर्वी वीज बंद करून ती तार जमिनीला जोडतात. काम संपल्यावर सगळी माणसे खाली उतरली, जमिनीच्या जोडण्या एकेक काढल्या, त्या काढल्याचे सांगितले, आणि मगच वीज परत. एखादी जोडणी राहिली आणि वीज सोडली, तर तिथेच भडका.

सगळ्यात शेवटी निशाणे आणि फटाके निघतात. हा क्रम उलटा होता कामा नये. ज्याने रूळ घेतला, त्याच माणसाने तो पाहून परत द्यायचा. त्याने लिहून द्यायचे की अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत रूळ अमुक वेळी, अमुक वेगासाठी तयार आहे. ‘वेगासाठी’ हा भाग वगळता येत नाही, कारण दुरुस्त झालेला रूळ पहिल्या दिवशी कधीच पूर्ण सक्षम नसतो.

त्याचे कारण खडीत आहे. रुळाखालची खडी वर्षानुवर्षे गाड्यांच्या भाराखाली दाबून, दगडात दगड अडकून घट्ट बसलेली असते. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला ढकलते तेव्हा रुळाला जागेवर धरते ती हीच खडी. ती चाळली किंवा खालून ठोकली की ही पकड सुटते. रूळ सरळ दिसतो, पातळी नेमकी असते, पण बाजूला सरकण्याला विरोध करण्याची ताकद बरीच कमी झालेली असते. म्हणून खोलवर खडी चाळल्यावर पहिल्या गाड्या ताशी २० किलोमीटरने जातात, मग ४५, मग ७५, आणि प्रत्येक टप्प्याआधी पुन्हा ठोकणी. हाताने ठोकले तर पूर्ण वेग यायला काही आठवडे, यंत्राने ठोकले तर थोडे दिवस. पूर्वी हे सगळे गँगच्या खांद्यावर होते. बीटर म्हणजे टोकाला चपटी जीभ असलेली जड पहार. ती खडीत मारून स्लीपरखाली दगड सारायचा. आठ-दहा जण एका तालात. पुढे ऑस्ट्रियाच्या प्लासर आणि थॉयरर कंपनीची ठोकणीयंत्रे जगभर पसरली; ही कंपनी १९५३ ची, भारतात तिचा कारखाना फरिदाबादला. याच घराण्यातले दुसरे यंत्र रूळ धरून त्याला आडवे कंपवते आणि वरून दाबते, म्हणजे शेकडो गाड्यांनी जे काम हळूहळू केले असते ते एका फेरीत होते. या यंत्रांनी वेग कमी ठेवण्याचे दिवस घटवले. काढून टाकता मात्र आले नाहीत.

चालकाला हे सगळे कसे कळते? गाडी सुटण्याआधी त्याच्या हाती सावधगिरीचा आदेश पडतो. रेल्वेच्या भाषेत तो टी/४०९ क्रमांकाचा फॉर्म. कुठे, कुठपासून, किती वेग. रुळाशेजारी पिवळी पाटी त्याला आधीच सावध करते, आकड्याची त्रिकोणी पाटी वेग सांगते, आणि टी अक्षराची पाटी आल्यावर वेग वाढवायचा. टीच्या पाट्या दोन असतात, प्रवासी गाडीसाठी वेगळी आणि मालगाडीसाठी वेगळी, कारण मालगाडी लांब असते आणि तिची शेवटची वाघीण कच्च्या जागेवरून पुढे गेली तरच वेग वाढवणे योग्य. ज्याने हा नियम केला त्याने गाडीची शेपटी डोळ्यांसमोर धरून विचार केला होता, आणि असा विचार मला आदर वाटावा इतका मोलाचा वाटतो.

लांब जोडलेल्या रुळांनी आणखी एक अट आणली. पूर्वी रुळांच्या टोकांत फट सोडलेली असे, उन्हात रूळ लांबला की ती भरून निघे. आता किलोमीटरभर सलग जोडलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते, तो आतल्या आत ताणला किंवा दाबला जातो. खडी सैल असताना उन्हात दाब वाढला तर रूळ सापासारखा वाकतो. त्यामुळे ठोकणीचे काम रूळ बसवतानाच्या तापमानापेक्षा १० अंशांहून जास्त वर गेलेले असताना करायचेच नाही, असा नियम आहे. काम हातात असले तरी तापमापी नाही म्हणाला तर थांबायचे.

रुळाइतकीच, किंबहुना आता जास्त, भीती तारांची आहे. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सिग्नलच्या तारा बदलण्याचे मोठे काम १९८८ मध्ये चालू होते. २७ नोव्हेंबरच्या रविवारी एका तंत्रज्ञाने जुनी तार एका टोकाने सोडवली, पण दुसरे टोक लावलेलेच राहिले, आणि सुटलेले टोक कापून, गुंडाळून बाजूला केले गेले नाही. ते नुसते वाकवून ठेवले. दोन आठवड्यांनी, रविवारी शेजारी काम करताना धक्का लागून ती तार परत जुन्या जागी टेकली. १२ डिसेंबरच्या सोमवारी सकाळी गर्दीच्या वेळी समोर गाडी उभी असतानाही सिग्नल लाल झाला नाही. ३५ माणसे मेली, जवळपास ५०० जखमी झाली. ज्येष्ठ वकील हिडन यांच्या चौकशीत निघाले की तारा मोजण्याची दुसऱ्या माणसाने करायची तपासणी झालेलीच नव्हती, आणि त्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती. अहवालात ९३ शिफारशी होत्या. स्टेपलहर्स्टच्या निकालाने एका माणसाला धरले होते; या अहवालाने त्या माणसाला किती तास राबवले, कोणी शिकवले, कोणी तपासले हे विचारले. मला ही प्रगती वाटते, आणि ती सव्वाशे वर्षांनी आली.

आपल्याकडे २ जून २०२३ रोजी ओडिशात बाहानगा बाजारला जे झाले ते याच जातीचे. रेल्वे फाटकाच्या अडसराचे काम चालू होते. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत चूक राहिली. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा दिवा दिसला आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाला लागलेला. ताशी १२८ किलोमीटरने ती उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसले की तारांमधली चुकीची फेरजोडणी काही वर्षे आधीच झालेली होती, आणि नंतरच्या कामात ती न कळता तशीच पुढे आली. सिग्नलची यंत्रणा कामासाठी काढताना आणि परत जोडताना लेखी निरोप द्यायचे असतात, आणि जोडल्यावर प्रत्येक मार्ग प्रत्यक्ष चालवून पाहायचा असतो. तो पाहिला असता, तर सांधा आणि दिवा एकमेकांशी विसंगत बोलतात हे तिथेच उघड झाले असते. अपघातानंतर सिग्नलच्या खोल्यांना दुहेरी कुलपे आणि परत जोडण्याची शिस्त यांबद्दल सक्त आदेश निघाले.

त्याआधी, १९ ऑगस्ट २०१७ रोजी, उत्तर प्रदेशात खतौलीजवळ कलिंग उत्कल एक्सप्रेस घसरली आणि वीसहून अधिक प्रवासी मेले. रुळाचे काम चालू होते. कामासाठी ब्लॉक मागितला गेला होता, तो मिळाला नव्हता, तरी काम सुरू राहिले. रूळ पूर्ण जोडला गेलेला नव्हता, समोर निशाण नव्हते, चालकाला सावधगिरीचा आदेश नव्हता. या अपघाताची आणि पाठोपाठच्या आणखी एका अपघाताची नैतिक जबाबदारी घेऊन कोकणचे सुरेश प्रभू यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा देऊ केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते खाते दुसऱ्याकडे गेले. खतौली मला सगळ्यात जास्त सलते. स्टेपलहर्स्टला निदान एक माणूस लाल निशाण घेऊन उभा होता. दीडशे वर्षांत शिकलेले सगळे नियम पुस्तकात होते, आणि त्या दिवशी गाड्यांच्या दाटीत ब्लॉकला जागा सापडली नाही म्हणून ते सगळेच बाजूला पडले.

रूळ परत देणारा माणूस स्वतःही रुळावरच असतो, हे विसरायला नको. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात लिहिले की २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी मरण पावले. अपघातांत मेलेल्या प्रवाशांपेक्षा ही संख्या मोठी होती. २२ जानेवारी २०२४ रोजी वसई रोड आणि नायगाव यांच्या मध्ये बिघडलेला सिग्नल दुरुस्त करायला गेलेले तिघे लोकलखाली आले. रुळाची देखभाल करणाऱ्यांना पूर्वी गँगमन म्हणत, मग ट्रॅकमन, आता ट्रॅक मेंटेनर. पद बदलले, पण गाडी येण्याआधी रुळावरून बाजूला होण्याचे आणि ती जाऊ शकेल असा रूळ ठेवण्याचे काम तेच राहिले.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत रोलिंग ब्लॉकची तरतूद आली. देखभालीच्या कामांचे वेळापत्रक ५२ आठवडे पुढपर्यंत आखून ठेवायचे, म्हणजे रूळ ऐनवेळी मागावा लागणार नाही आणि नाकारलाही जाणार नाही. खतौलीला जे नव्हते ते हेच. कागदावरची ही तरतूद गाड्यांच्या दाटीत टिकते का, यावर तिचे मोल ठरेल.

मुंबईत रात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली निघेपर्यंत रुळाला जेमतेम तीन तास मिळतात, म्हणून रविवारचा मेगा ब्लॉक लागतो. त्याच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे, आणि गाडीची वाट पाहत उन्हात उभ्या असलेल्या आईबापांचा त्रास खोटा नाही. पण ब्लॉक पंधरा मिनिटे लांबला तर त्या पंधरा मिनिटांत बहुधा कोणी तरी मापपट्टी धरत असतो, सांध्यात पाच मिलिमीटरची पट्टी घालून पाहत असतो किंवा हत्यारे मोजत असतो. ती घाई करून घेण्याची मागणी आपण करू नये. उपनगरी प्रवासी संघटनांनी उलट रेल्वेकडे असा आग्रह धरावा, की ब्लॉकचे तास जाहीर करतानाच शेवटचा अर्धा तास तपासणीचा म्हणून वेगळा दाखवावा, आणि काम उरले म्हणून तो अर्धा तास कोणालाही उसना घेऊ देऊ नये.